नाकेदाराची नात

आमचं आणि शकूचं घर यांच्यामध्ये एक मातीची भिंत होती, कमरेच्या थोडी वर. तिच्यावर पावसाळ्यात दोडक्याचा वेल चढायचा आणि दोन्ही घरं आपापल्या बाजूचे दोडके तोडून घ्यायची. त्या भिंतीपलीकडून रोज दिवेलागणीला खंजिरीचा आवाज येई. शकूचे आजोबा प्रार्थनेला बसत. आमच्याकडे आजोबाला आबाजी म्हणतात, पण त्यांना अख्खं गाव आबाजी म्हणायचं. साठी उलटलेली माणसंसुद्धा. माझ्या आज्याला मात्र मी एकटी आजा म्हणत होते, आणि बाकीचे त्याला नाकेदार म्हणत, कारण तो तरुणपणी जंगलखात्यात नाकेदार, म्हणजे जंगलाचा रखवालदार होता. आमच्या घराला नावही तेच होतं, नाकेदाराचं घर. मला त्यात वावगं काही वाटत नव्हतं. कुणाचं सोनाराचं घर, कुणाचं पिंपळाखालचं घर, तसं आमचं नाकेदाराचं.

गाव पवनीच्या अलीकडे, धानाच्या बांध्यांनी, म्हणजे भातखाचरांनी वेढलेलं. श्रावणात रोवणी आटोपलेली असायची आणि बायांच्या हातापायांच्या बोटांना चिखलानं पडलेल्या चिरा अजून भरायच्या असायच्या. माय त्यावर मोहाचं तेल कोमट करून लावी. घरात ओल्या सरपणाचा धूर, चुलीवर लाखोरीची डाळ, आणि आजा जंगलातून पंच्यात सात्या घेऊन आला असेल तर त्या दिवशी सगळ्या आळीला कळे असा वास. सात्या म्हणजे पावसात वारुळापाशी उगवणाऱ्या अळंबीच्या छत्र्या. त्या कुठे उगवतात हे आज्याला ठाऊक असे आणि तो कुणाला सांगत नसे. तो फारसं काहीच सांगत नसे. जेवताना ताटाकडे बघत जेवायचा, माझ्या ताटात दोन सात्या जास्त टाकायचा, आणि उठायचा.

मला त्या वयात त्या सात्यांची काही किंमत नव्हती. माझं सगळं लक्ष भिंतीपलीकडे होतं.

आबाजींनी इंग्रजांच्या काळात जंगल सत्याग्रहात भाग घेतला होता. राखीव जंगलातलं गवत विळ्यानं कापायचं आणि कायदा मोडायचा, असा तो सत्याग्रह. त्यांना पकडून नेलं आणि तुरुंगात टाकलं. पुढे स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली तेव्हा सरकारनं त्यांना ताम्रपट दिला. तो ओसरीतल्या देवळीत, गणपतीच्या शेजारी ठेवलेला असे. सांजेला दिवा लागला की आबाजी देवाला हात जोडत, मग ताम्रपटाला नाही, तर त्यांच्याबरोबर गवत कापायला गेलेल्या आणि आता हयात नसलेल्या माणसांची नावं एकेक करून घेत. नाव घेतलं की खंजिरीवर एक थाप. मग म्हणत, "देवा, यायच्यानं आमी मोकळा श्वास घेऊन राहिलो, यायले इसरू देऊ नोको." मग आम्हा पोरींच्या हातावर गूळफुटाणे. मी जवळजवळ रोज जात असे. गूळफुटाण्यांसाठी जाते असं माय समजे. मी जायची ती शकूला बघायला. ती आजोबांच्या मांडीला टेकून बसे आणि ती नावं त्यांच्याबरोबर पुटपुटे, जणू ती सगळी माणसं तिचे मामा-काका होते.

पंधरा ऑगस्टला शाळेत झेंडा आबाजींच्या हातून चढे. शकू त्यांचा हात धरून चाले. तिला पुढच्या खुर्चीवर बसवत. आबाजी दरसाल तीच हकिकत सांगत. डफ वाजवत आम्ही अकरा जण निघालो, पहिली पेंढी कापली, आणि मग एका सरकारी माणसानं माझं मनगट धरलं. इथे ते नेहमी क्षणभर थांबत. टाळ्या पडत. मी तिसऱ्या रांगेत उभी राहून टाळ्या वाजवी आणि माझ्या पोटात काहीतरी तापत जाई. आता सत्तरीकडे झुकल्यावरही ती जागा मला बोटानं दाखवता येईल, बरगड्यांच्या खाली, डाव्या बाजूला. पुढे आयुष्यात मला पुष्कळांचा हेवा वाटला. नोकरीत, लग्नकार्यात, दुसऱ्यांच्या लेकरांचे निकाल ऐकताना. पण इतका धडधडीत कधी नाही.

आमचा आजा त्या दिवशी शाळेकडे फिरकतही नसे. सकाळी उठून बोडीवर, म्हणजे शेतावरच्या आमच्या लहानशा तळ्यावर जाई आणि दुपारपर्यंत येत नसे. मला त्याची लाज वाटे. ज्यानं काहीच केलं नाही, तो माणूस निदान टाळ्या वाजवायला तरी येऊ शकतो, असं मला वाटे. मी महादेवाच्या देवळात जाऊन एक प्रार्थनाही करत असे. ती लिहायला आजही संकोच वाटतो. देवा, आमच्या आज्याला पण तेव्हा जेलात टाकलं असतं तर तुझं काय गेलं असतं.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी मी सातवीत होते. पंधरा ऑगस्टच्या दोन दिवस आधी शकू त्यांच्या अंगणात ताम्रपट घासत बसली होती, चिंचेच्या कोळानं. तांब्यावर लाल चकाकी येत होती. मी भिंतीवरून उतरून तिच्या शेजारी बसले आणि म्हटलं, "दे ना वो, मी घासतो थोडासा."

शकूनं ताम्रपट दुसऱ्या मांडीवर सरकवला. ती दुष्ट नव्हती. तिनं ते अगदी सहज सांगितलं, जसं आपण सांगतो की हे पाणी देवाचं आहे. "याले घरच्याच लोकायनं हात लावायचा असते."

"मंग मी कोन आहो?"

"तू शेजारची आहेस."

मी घरी आले. त्याच आठवड्यात शाळेत नवीन आलेल्या गुरुजींनी निबंध लिहायला सांगितला होता. आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून स्वातंत्र्याच्या लढ्यातली आठवण लिहा, सगळ्यांत चांगला निबंध पंधरा ऑगस्टला व्यासपीठावरून वाचायला मिळेल. गुरुजी वर्धेकडचे होते, त्यांना गावातलं काही ठाऊक नव्हतं. मी कुणालाही विचारलं नाही. चिमणीच्या उजेडात नाही, चांगल्या लख्ख दुपारी, पडवीत पालथी पडून, मी चार पानं लिहिली. आबाजींच्या हकिकतीतला डफ घेतला, अकरा जण घेतले, त्यांचे मी बारा केले. बारावा माझा आजा. आज्याच्या डाव्या मनगटापासून कोपरापर्यंत एक लांब पांढरा वण होता. तो अस्वलाचा आहे असं त्यानं मला लहानपणी सांगितलं होतं. मी लिहिलं की तो लाठीचा आहे, आणि रक्त गळत असताना माझ्या आजोबांनी पेंढी सोडली नाही. हे लिहिताना मला रडू आलं. माझा स्वतःच्याच लिहिण्यावर इतका विश्वास बसला होता.

निबंध माझाच निवडला गेला.

पंधरा ऑगस्टला झेंडा चढला, राष्ट्रगीत झालं, आणि गुरुजींनी माझं नाव पुकारलं. मी आबाजींच्या खुर्चीपासून दोन हातांवर उभी राहून वाचू लागले. पहिलं पान झाल्यावर मागच्या गावकऱ्यांत कुजबुज सुरू झाली. मला वाटलं, कौतुक चाललंय. "माझे आजोबा, गणपत नाकेदार" असं आलं तेव्हा कुणीतरी हसलं आणि ते हसू खोकल्यात घातलं. दोन म्हातारे उठून गेले. माझे बाबा कुंपणापाशी उभे होते. ते खाली बघत होते. मी शेवटपर्यंत वाचलं. टाळ्या फक्त पोरांनी वाजवल्या. गुरुजी गोंधळले, पण त्यांनी ठरल्याप्रमाणे बक्षिसाची कंपासपेटी आबाजींच्या हातात दिली आणि आबाजींनी ती मला दिली. ते माझ्याकडे बघत होते. रागानं नाही, पण एखादा माणूस फार वर्षांनी भेटला की आपण ओळख पटते का ते बघतो, तसं. म्हणाले, "वाचन सुद्द आहे तुह्यं."

त्या दिवशी त्यांनी त्यांची हकिकत सांगितली नाही. तब्येत बरी नाही म्हणाले.

घरी बाबांनी मला मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. ते नुसते येरझाऱ्या घालत राहिले आणि मायला म्हणाले, "इले कोनं सांगतलं होतं हे लिवाले? गावात तोंड दाखवाले जागा ठेवली नाही." माय पदर तोंडाला लावून चुलीपाशी बसली. मला काही उमजेना. मी खोटं लिहिलं एवढं मला ठाऊक होतं. पण एका खोट्यानं घर असं का हललं, ते कळत नव्हतं.

आजा दुपारी आला. पंच्यात सात्या होत्या. त्या त्यानं सुपात ओतल्या, हातपाय धुतले आणि पाटावर बसला. बाबांनी त्याला सांगितलं. फार थोडक्या शब्दांत. आज्यानं हातातला घास खाली ठेवला आणि मला म्हणाला, "आन ते. वाच."

मी नाही म्हटलं. तो म्हणाला, "गावाले वाचून दाखवलं, मले नाही दाखवत?"

मी त्याच्यासमोर उभी राहून चारही पानं वाचली. तो डोळे मिटून ऐकत होता. लाठीचा वण आला तेव्हा त्यानं डावा हात पाठीमागे नेला. वाचून झाल्यावर त्यानं डोळे उघडले. मग म्हणाला, "मस्त लिवलं. असंच पाह्यजे होतं." आणि उठून खुंटीवरचं धुवट धोतर काढलं. "चल. आबाजीकडे जाऊ."

बाबा म्हणाले, "बाबाजी, राहू द्या आता."

"कितीक साल राहू देऊ गा?" आजा म्हणाला.

भिंत ओलांडून गेलो असतो तर दहा पावलं होती. आजा मला रस्त्यानं घेऊन गेला, पुढच्या दारानं. तेव्हा मला जाणवलं की माझ्या आठवणीत आजा त्या घरात कधीच गेला नव्हता. आबाजी ओसरीत बसले होते, सकाळचा हार खुंटीला टांगलेला. शकू त्यांच्या पायाशी. तिची आजी सगुणाबाई दाराशी तांदूळ पाखडत होती. आज्याला बघून तिचं सूप थांबलं. आबाजींनी हातानं बसायची खूण केली. आजा बसला नाही.

"पोरीले सांगाले आनलं," तो म्हणाला. "तुह्यासमोर सांगतो, म्हंजे कमीजास्त होनार नाही." मग माझ्याकडे वळला. "मी बारावा नव्हतो, कुसुम. मी दुसऱ्या बाजूनं होतो. याचं मनगट मीच धरलं. हा वन अस्वलाचा नाही अन् लाठीचा बी नाही. याच्या हातचा इळा हिसकताना लागला. यानं मारला नाही, मीच ओढला."

शकू उठून उभी राहिली. मी जमिनीकडे बघत होते. शेणानं सारवलेल्या ओसरीवर तांदळाचे चार दाणे पडले होते, ते मी मोजत होते.

"खरं आहे," आबाजी म्हणाले. "पन पोरगी लहान आहे, गणपत. जाऊ दे."

"तूच जाऊ देत आला. दरसाल. एक सरकारी मानूस, एक सरकारी मानूस. माह्यं नाव गिळतेस अन् मंग थांबतेस. साऱ्या गावाले मालूम हाये तू कोनासाठी थांबतेस. शिवी दिली असती तर मी इतका मेलो नसतो."

आबाजींच्या आधी बोलली ती सगुणाबाई. तिनं सूप बाजूला ठेवलं. "मी चार दिवसाची बाळंतीन होती, नाकेदार," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "याच दारात उभी होती, लेकरू घेऊन. तुमी बैलगाडी याच दारासमोरून नेली. यायनं पोराचं तोंड पाह्यलं नव्हतं. मी म्हनलं, येक मिनिट उभी करा. तुमी बैलाले तुतारीची आर टोचली."

"टोचली," आजा म्हणाला.

"काहून?"

आजा म्हणाला, "भेव होतं. मांगून साहेब येऊन राहिला होता घोड्यावर. अन् खरं सांगू का, मले वाटे हे राज कधी जात नाही. येवढी फौज, येवढी रेलगाडी, अकरा लोकायच्या इळ्यानं काय होते. मी याले येडा समजत होतो. याचा भरोसा होता, माह्या नव्हता. याच्या भरोशानं ते गेलं. माही नात आज झेंड्याखाली उभी राह्यते ते यायच्यानं. हे बोलाले मी येवढे साल आलो नाही."

"शरमेनं," आबाजी हळूच म्हणाले, त्याला सोडवल्यासारखं.

"नाही." आजा ठाम होता. "शरम दोन-चार साल होती, मंग उतरली. जळलो मी. तुह्या गळ्यात हार पडे अन् इथं आग लागे. म्हनून बोडीवर जाऊन बसे. मनात म्हने, त्या दिवसी मी इळा खाली ठेवून याच्या बाजूनं उभा राह्यलो असतो तर. रोज म्हने. आता ते पोरीच्या पोटात गेलं. तिनं जे लिवलं ते माह्यंच हाये."

मी वर बघितलं. आजा बोलताना बरगड्यांच्या खाली, डाव्या बाजूला तळवा दाबून धरत होता.

त्या दिवशी कुणी कुणाच्या गळ्यात पडलं नाही. सगुणाबाईनं मला वाटीभर गूळफुटाणे दिले, आज्याला पाणीही विचारलं नाही, आणि तो तिचा हक्क होता असं मी आज म्हणते. निघताना आबाजींनी विचारलं, "मंग पुढच्या साली नाव घेऊ?"

आजा चपला घालत होता. वाकलेलाच राहिला. "घे," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी आज्यानं मला कंपासपेटी परत करायला लावली. गुरुजींनी ती घेतली आणि टेबलाच्या खणात टाकली, मला काही विचारलं नाही. शकूनं मात्र वर्गात सगळं सांगितलं. पोरं मला पकडणाऱ्याची नात म्हणू लागली. शकू दिवाळीपर्यंत माझ्याशी बोलली नाही, आणि भिंतीवरचे दोडके तिच्या बाजूला जून होऊन वाळले तरी मी तिकडे हात घातला नाही. माझ्या हेव्याचं म्हणाल तर तो कमी झाला नाही. वाढला. आधी निदान आपल्याकडे काही नाही एवढंच होतं. आता जे होतं ते नको असलेलं होतं. संध्याकाळी खंजिरी वाजली की मी कानात बोटं घालून माजघरात बसे. आजा बाहेर ओसरीत बसून ऐकत असे. एकदा मी चिडून त्याला विचारलं, "कायले आयकतेस?" तो म्हणाला, "नावं पाठ करून राहिलो. अकराच्या अकराही मले मालूम होते कधीकाळी. मीच लिवून घेतले होते ठाण्यात."

तुम्हाला आज हे वाचताना वाटेल की मी आज्याला माफ केलं असेल, त्याच्या खरेपणाचं कौतुक वाटलं असेल. ते पुष्कळ पुढे वाटलं, मी स्वतः शिक्षिका झाल्यावर, पोरांना लढ्याचा धडा शिकवताना. धड्यात नेहमी पकडले गेलेले असतात. पकडणारे कोणाचे तरी आजे असणार, हे धड्यात नसतं. बाराव्या वर्षी मात्र मला फक्त शकूचा आजोबा हवा होता.

पुढचा पंधरा ऑगस्ट आला. त्या सकाळी आजा बोडीवर गेला नाही. त्यानं दाढी केली, धुवट धोतर नेसलं, डोक्याला पांढरी टोपी घातली आणि कुणाला न सांगता शाळेकडे निघाला. मी तोवर माझ्या रांगेत जाऊन उभी होते. तो येऊन सगळ्यांच्या मागे, कुंपणाच्या बाजूला थांबला. लोकांनी थोडी जागा करून दिली. जास्तच करून दिली, त्याच्या भोवती रिकामं वर्तुळ पडलं.

आबाजी पुढे आले. शकू त्यांच्या हाताशी, नव्या पिवळ्या फ्रॉकमध्ये. तो फ्रॉकसुद्धा मला हवा होता, हे मी लपवत नाही. आबाजींनी डफाचं सांगितलं, पहिल्या पेंढीचं सांगितलं. मग म्हणाले, "अन् माह्यं मनगट धरलं, त्या मानसाचं नाव गणपत. नाकेदार गणपत. तो आज इथं उभा हाये." आणि या वेळी ते थांबले नाहीत, पुढची हकिकत, बैलगाडी, ठाणं, तुरुंगातली ज्वारीची पातळ कांजी, सरळ सांगत गेले. सगळ्या माना मागे वळल्या होत्या. टाळी एकही वाजली नाही. आजा ताठ उभा होता आणि त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला एवढ्या लांबून नीट दिसत नव्हतं.

मग झेंडा चढला. सगळ्यांचे हात कपाळाशी गेले. आज्याला सलाम ठोकता येत होता. सरकारी नोकरीत त्यानं आयुष्यभर साहेबांना सलाम ठोकले होते. त्यानं तो केला नाही. त्यानं टोपी काढून बगलेत धरली आणि देवापुढे जोडतो तसे दोन्ही हात जोडले. चौथीतली दोन पोरं फिदीफिदी हसली.

मी माझ्या रांगेतून बाहेर पडले. गुरुजींनी दबक्या आवाजात माझं नाव घेतलं. समोर शकू होती, हार होता, पिवळा फ्रॉक होता, आणि पोटातली आग जशीच्या तशी होती. ती घेऊनच मी मागे गेले, त्या रिकाम्या जागेत, आणि आज्याच्या शेजारी उभी राहिले. मीही हात जोडले.

आजा माझ्याकडे न बघता म्हणाला, "समोर जा. इथून दिसत नाही झेंडा."

मी म्हटलं, "दिसते."